बाराही महिने उघडं असलेलं गाव

परवा सकाळी आमच्या उपनगरात, रोटोटुनात, एवढं धुकं होतं की समोरच्या घराचं गॅरेजसुद्धा दिसत नव्हतं. लॉनवर दव गोठून पांढरं झालेलं, खिडक्यांच्या काचा आतून ओल्या. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या घराघरांत हिवाळ्यातलं सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं, जुना टॉवेल घेऊन काचा पुसायच्या. मी पुसत होते. फोन वाजला म्हणून बघितलं तर त्यांची मेल. 'उन्हाळा आला, डोंगरात या.' खाली फोटो. निळं तळं, हिरवं कुरण, गळ्यात घंटा बांधलेली तपकिरी गाय, मागे बर्फाचं शिखर. आणि शेवटी ते वाक्य, जे त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी असतं: बाराही महिने आम्ही तुमची वाट पाहतो.

मी एकटीच मोठ्यानं हसले. कोण कोणाची वाट पाहतंय ते मला विचारा म्हणावं.

हे 'ते' म्हणजे फ्रान्सच्या आल्प्समधलं एक स्कीचं गाव. नाव सांगणार नाही, त्यांची जाहिरात मी फुकट कशाला करू? श्रीमंतांचं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. काही वर्षांपूर्वी एका जुलै महिन्यात मी तिथे राहिले होते. रोपवेचा पास काढताना खिडकीतल्या पोरीनं ईमेलचा पत्ता मागितला आणि मी बावळटासारखा खरा पत्ता दिला. तेव्हापासून ऋतू बदलला की मेल येते. डिसेंबरात आम्ही इथे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून घामाघूम झालेले असतो तेव्हा त्यांच्याकडे लाकडी घरांच्या छपरांवर बर्फाची गादी पसरलेली असते. एप्रिलमध्ये आमची पानं पिवळी पडायला लागली की त्यांच्याकडे वितळत्या बर्फातून जांभळी फुलं वर येतात. आमच्याकडे चेरीला बहर येतो तेव्हा त्यांची झाडं सोनेरी होतात. आमचं वर्ष आणि त्यांचं वर्ष एकमेकांकडे पाठ करून बसलेली आहेत.

ही मेल मी बंद करू शकते. खाली बारीक अक्षरात तशी सोय दिलेली असते. नाही करत. माझा नवरा त्या गावात राहतो.

आमचा घटस्फोट वगैरे झालेला नाही, उगाच कोणी हळहळू नये. शिरीष दर वर्षी नोव्हेंबरात येतो, गावाचा उन्हाळा संपून हिवाळा सुरू व्हायच्या मधल्या मोकळ्या दिवसांत. आला की घरातले गळके नळ घट्ट करतो, गॅरेजच्या दाराला तेल घालतो, धुराचे अलार्म वाजवून बघतो. मग सगळं ठीक आहे अशी खात्री करून परत जातो. मशीन तपासायला आलेला माणूस जातो तसा. त्यानं घट्ट केलेले नळ मात्र वर्षभर गळत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

तो रोपवेचा इंजिनिअर. पुण्याहून आलो तेव्हा इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात मशीनं सांभाळायचा. नंतर कोणीतरी त्याला आमच्या उत्तर बेटावरच्या बर्फाच्या डोंगरावर नेलं, तिथल्या लिफ्टच्या कामावर. मोटारी, दोर, पुल्या, हवेत हलणारे पाळणे. माणूस खुळावलाच. तिथे त्याला फ्रान्सची माणसं भेटली. तुमचा हिवाळा संपला की आमचा सुरू होतो, ये आमच्याकडे, असं म्हणाली. झालं. जून ते ऑक्टोबर इथला डोंगर, डिसेंबर ते एप्रिल तिथला. वर्षात दोन हिवाळे. त्याच्या नशिबात उन्हाळाच नाही, असं मी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगायचे. सांगताना मला थोडं रडू यायचं, थोडा अभिमानही वाटायचा.

तो गेला की मी हीट पंप लावायचे नाही. न्यूझीलंडमधली घरं किती गार असतात हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी वाजते. आणि तरी एप्रिलच्या गारठ्यात मी दोन स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन बसायचे. तो तिकडे उणे पंधरात खांबावर चढतोय आणि मी काय इथे हवा गरम करून बसू? ईरा, आमची मुलगी, पांघरूण गुंडाळून अभ्यासाला बसायची आणि मधेच ओरडायची, "मम, दिस इज रिडिक्युलस!" मी म्हणायचे, बाबाचा विचार कर. डिसेंबरात तो निघायचा तेव्हा मी डिंकाचे लाडू करायचे. भर उन्हाळ्यात, खिडक्या सताड उघड्या टाकून, तुपात डिंक तळत उभी. घामाच्या धारा. त्याला तिकडे ऊब हवी.

त्या एका वर्षी तो एप्रिलमध्ये आलाच नाही. मुख्य दोर बदलायचाय म्हणाला, ते काम बर्फ वितळल्यावरच होतं. मे गेला. जून गेला. इथल्या डोंगरावर दुसरा माणूस घेतला. पण ऑगस्टअखेर येतो, म्हणाला, आणि मग बास. कायमचा येतो. हॅमिल्टनमध्ये ऑफिसात बसायची नोकरी बघतो, ईराची शाळेची शेवटची वर्षं आहेत. हे तो आपणहून म्हणाला होता, मी मागितलं नव्हतं. म्हणून मीच ठरवलं की जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आपण दोघींनी जायचं. इतकी वर्षं ज्या गावानं त्याला ठेवून घेतलं ते एकदा बघायचं आणि त्याचं सामान थोडं थोडं घरी आणायचं. हॉस्पिटलच्या फार्मसीत मी रजा टाकली तेव्हा माझी माओरी सहकारी म्हणाली, "अगं, मग त्याला घेऊनच ये!" मी म्हटलं, त्यासाठीच चाललेय.

विमान ऑकलंडहून होतं. आदल्या दिवशी हिल्सबरोला मीनलताईंकडे उतरलो. मीनलताई आणि त्यांचे यजमान आमच्याआधी कितीतरी वर्षं इथे आलेले, पहिल्या दिवसापासून आमचं माहेर. जेवणं झाली आणि ताईंनी कपाट उघडलं. बर्फात घालायची जाकिटं, कानटोप्या, लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट. "फ्रान्सची थंडी आहे बाई, इथल्यासारखी नाही." त्यांचे यजमान सिव्हिल इंजिनिअर. बॅगेवर बसून त्यांनी ती बंद करून दिली. शेजारचे एक डॉक्टर आले होते, त्यांनी ओठ फुटू नयेत म्हणून मलम दिलं. कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली ईरा मान वर न करता म्हणाली, "इट्स समर देअर."

"अगं, स्की रिसॉर्ट आहे ना पण!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

आता विचार केला की कपाळावर हात मारावासा वाटतो. चार शिकलीसवरलेली माणसं. जन्म पुण्या-साताऱ्याचा, जिथे जुलै म्हणजे पाऊस. हयात इथे चाललेली, जिथे जुलै म्हणजे थंडी. पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागात जुलैत उन्हाळा असतो हे आमच्यापैकी प्रत्येकानं सातवीच्या भूगोलात मार्कांसकट लिहिलेलं. पण डोक्यात बर्फ बसलेला. शिरीषचा एकूण एक फोटो बर्फातला. व्हिडिओ कॉलवर तो कायम जाकिटात, नाक लाल. ईरानं आपली वेगळी छोटी बॅग भरली, त्यात टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि जँडल्स टाकले. मी तिला दटावलंसुद्धा, पोहायला चाललोय का आपण म्हणून.

दरीतल्या स्टेशनवरून बस वर चढायला लागली तेव्हाच मला उकडायला लागलं होतं. मला वाटलं बसमध्ये हीटर आहे. वळणावळणावर लोक हाफ पँटमध्ये सायकली दामटत चाललेले. घरांच्या सज्जांतून लालभडक जिरेनियम लटकलेले. बस थांबली. थांब्यावर शिरीष उभा होता. अर्धी चड्डी, पायात सँडल, उन्हानं रापलेला, हातात जर्दाळूंची पिशवी. दहा वर्षांनी तरुण दिसत होता. मी मीनलताईंच्या जाकिटात, गुडघ्यापर्यंत बूट घालून पायरीवर उभी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अगं, जुलै आहे!"

मीही हसले. काय करणार? पण जाकिटाची चेन काढता काढता आत कुठेतरी काहीतरी खटकन निखळलं, ते मला नीट आठवतं. ज्या माणसाची इतकी वर्षं मी कीव केली, तो इथे जर्दाळू खात होता.

खोटं तो कधीच बोलला नव्हता. मी नंतर खूप आठवून पाहिलं. वरच्या स्टेशनापाशी हिमनदी आहे, तिथे जुलैतही बर्फ असतो, फोटो तिथले असायचे. दिवसभराचं काम वर, म्हणून अंगात जाकीट. सगळं खरं. फक्त संध्याकाळी पाळण्यातून खाली उतरल्यावर जे गाव होतं, ते त्यानं कधी दाखवलं नाही.

आणि गाव सुंदर आहे. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. इतकं सुंदर गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. सकाळी ऊन आधी शिखरावर पडतं, मग सावकाश उतरत उतरत पाइनच्या झाडांवर येतं, मग छपरांवर, मग पावाच्या दुकानापुढच्या रांगेवर. रस्त्याकडेला लाकडाच्या ओंडक्याचं कुंड असतं, त्यात डोंगरातलं पाणी चोवीस तास पडत असतं, इतकं गार की दात कळवळतात. गुरांच्या घंटा दिवसभर कुठून तरी ऐकू येतात. हिवाळ्यात ज्या उतारांवरून जगातले पैसेवाले घसरत येतात, त्याच उतारांवर उन्हाळ्यात कमरेएवढं गवत आणि त्यात निळी, पिवळी, पांढरी फुलं. हिऱ्यांची घड्याळं विकणाऱ्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा चीज विकायला बसतो आणि त्याला कोणी उठवत नाही. दुपारी ढग आले की शिखर झाकलं जातं आणि संध्याकाळी तेच शिखर गुलाबी होऊन परत दिसायला लागतं. लोक हातातलं काम टाकून बघतात. रोजचं असूनसुद्धा बघतात.

आणि त्या गावात शिरीष होता. पाववाली त्याला नावानं हाक मारायची, त्यांच्या तोंडी ते 'शिरीश्श' व्हायचं. पोस्टमन थांबून बोलायचा. कुत्री ओळखायची. पुण्यात लग्नात आहेराला पुढे जायला लाजणारा हा माणूस भर चौकात फ्रेंचमध्ये विनोद करत होता आणि माणसं हसत होती. दुसरी बाई असती तर फार सोपं झालं असतं. मी तिला शिव्या दिल्या असत्या, मीनलताईंनी चार शिव्या जास्त दिल्या असत्या, मंडळाची निम्मी माणसं माझ्या बाजूनं उभी राहिली असती. पण गावाला शिव्या कशा द्यायच्या? माझा नवरा तिथे सुखी होता. एवढंच होतं. या गोष्टीवर मी कितीतरी दिवस विश्वासच ठेवला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो आम्हाला लिफ्टच्या पायथ्याच्या कॅफेत घेऊन गेला. तिथली मालकीण सोलांज, साठीची, पांढरे केस कापलेले, दंडांत ओझी उचलून आलेली ताकद. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "शेवटी आलात! शिरीष नेहमी म्हणतो, माझ्या बायकोला डोंगर आवडत नाहीत, म्हणून येत नाही. मी म्हणायचे, एकदा आण तर खरं, आवडतील." मग टेबलावर जर्दाळूचा टार्ट ठेवत म्हणाली, "आम्ही फार खूश आहोत. आता तो आमचा बारा महिन्यांचा माणूस झाला. थंडीचाही, उन्हाचाही."

शिरीष कॉफीत चमचा फिरवायला लागला. तो साखर घेत नाही.

आपण मराठी माणसं परक्यांसमोर भांडतो ते हसत हसत. आवाज चढवायचा नाही, भुवई हलवायची नाही, समोरच्याला वाटावं की पोह्यांची कृती चाललीय. माझी आई सासरच्या माणसांसमोर असं भांडायची, शिरीषच्या आईलाही ते येत होतं. आम्हाला दोघांना ते न शिकवता आलेलं.

"काय म्हणतायत त्या?" मी हसून विचारलं.

"सांगणारच होतो तुला. आज संध्याकाळी निवांत." तोही हसला.

"ऑगस्टमध्ये घरी येणार होतास."

"अगं, इथे आता उन्हाळाही तेवढाच जोरात चालतो. सायकलवाले, चालणारे, लग्नं, काय काय. बंदच नसतं कधी. त्यांना बाराही महिने माणूस लागतो."

"आणि आम्हाला?"

"तसं नाही गं. टार्ट खा ना, त्या बघतायत."

"खातेय. मस्त आहे. मला डोंगर आवडत नाहीत हे तुला कोणी सांगितलं?"

इथे त्याचं हसू जरासं घसरलं. त्यानं ते सावरलं. "काहीतरी सांगावं लागतं. लोक विचारतात, बायको का येत नाही."

"मला विचारलंस कधी? येतेस का म्हणून?"

"तुझी नोकरी, ईराची शाळा, घर..."

"विचारलंस का, एवढंच सांग."

त्यानं माझ्या प्लेटमध्ये आणखी एक तुकडा वाढला. सोलांज कौतुकानं आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं, केवढं प्रेमानं बोलतायत. तिनं आतून आणखी एक टार्ट आणला, घरचा म्हणून. ईराला मराठी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. ती प्लेटकडे बघत म्हणाली, "कॅन वी नॉट? प्लीज?" मग आम्ही तिघांनी दुसरा टार्टही संपवला.

डोंगर आवडत नाहीत! मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्यावर आमची रोजची फेरी असायची, शाळेच्या आधी. शिरीषची आणि माझी ओळखच रतनगडावर झाली. कॉलेजचा ट्रेक होता. गडाच्या दारापाशी जायला कड्याला लोखंडी शिडी लावलेली आहे. हा शिडीच्या मध्यावर पोचला आणि गोठला. ना वर येतो, ना खाली जातो. दांडी घट्ट पकडलेली, बोटं पांढरी. खाली पोरांनी टिंगल सुरू केली. मी वर पोचले होते, परत उतरून चार दांड्या खाली आले आणि त्याच्याशी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. तुमच्या मेसमध्ये भाजी कुठली असते, घरी कोण कोण असतं. खाली बघू नको, माझ्याकडे बघ, आता उजवा पाय, आता डावा. असा एक एक पाय करत त्याला वर घेतला. वर आल्यावर तो रडला होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो माणूस आता आल्प्समध्ये उंच खांबांवर चढतो, वाऱ्यात झुलणाऱ्या पाळण्याच्या टपावर उभा राहतो, आणि गावाला सांगतो की बायकोला डोंगर आवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं झोपलेली असताना मी उठले. पायात मीनलताईंचे बर्फाचे बूट घातले, कारण चढायला दुसरं काही आणलंच नव्हतं. मेलमध्ये असतं त्या तळ्याकडे जाणारी पायवाट गावामागून निघते. पाळणा तिथपर्यंत जातो, पण मला पाळणा नको होता. आधी पाइनचं जंगल, डिंकाचा वास, कालच्या पावसानं मऊ झालेली माती. मग झाडं संपली आणि नुसतं गवत. दगडाआडून मार्मोट शिट्ट्या मारत होते, घुशीसारखा जाडजूड प्राणी, दोन पायांवर उभा राहून शेजाऱ्यासारखा चौकशी करतो. पायांत भट्टी पेटली होती. मी बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले आणि मोज्यांवर चालले. कितीतरी वर्षांनी छातीत ती जुनी धाप भरली, अजिंक्यताऱ्यावरची, जी लागली की बरं वाटतं.

तळ्यावर कोणीही नव्हतं. पाण्यात अख्खं शिखर उलटं पडलेलं. मी पाय पाण्यात सोडून बसले. गार पाण्यानं पाय बधिर झाले तरी काढावेसे वाटले नाहीत. मला फार आनंद झाला होता. त्या सकाळी, तशा अवस्थेत, काल काय कळलं ते सगळं ठाऊक असताना मला इतका आनंद झाला की त्याचाच राग आला. मग लक्षात आलं की शिरीषचं काही चुकत नाही. या गावाच्या प्रेमात पडायला कोणीही पडेल. मीही पडले असते. विचारलं असतं तर आले असते. नोकरी सोडून, घर विकून, भाषा शिकून, सोलांजच्या कॅफेत कपबशा विसळायला लागल्या असत्या तरी आले असते. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावण्यापेक्षा ते काही वाईट नव्हतं. तो इथे राहिला याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. जे सुख एवढं मोठं होतं की त्यात आम्ही तिघंही सहज मावलो असतो, त्यात त्यानं माझ्यासाठी पाटसुद्धा मांडला नाही. मी तिथे रडले. मनसोक्त, मार्मोटांसमोर.

खाली आले तेव्हा दोघं जर्दाळू खात बसली होती. "कुठे गेली होतीस?" शिरीषनं विचारलं. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून आले. बूट चिखलानं भरलेले होते, मोज्यांना भोकं पडली होती, चेहरा उन्हानं लाल. त्याला काही दिसलं नाही. तो म्हणाला, "पाव आणलास का येताना?"

त्याचं सामान आणायला नेलेल्या बॅगेतून आम्ही मीनलताईंची लोकर परत आणली. विमानतळावर शिरीष ईराला मिठी मारून रडला, खरंखुरं. मला म्हणाला, नोव्हेंबरात येतोच आहे ना. रोटोटुनाला पोचलो तेव्हा घर आठवडाभर बंद असल्यानं बर्फासारखं गार होतं, भिंतींना ओल आलेली. चपला न काढता मी आत गेले आणि हीट पंप लावला. बैठकीतला, बेडरूममधला, रिकाम्या खोलीतलासुद्धा. सगळे पूर्ण जोरात. ईरा दारात उभी राहून बघत होती.

मीनलताईंना मी फोनवर एवढंच सांगितलं की तिथे उन्हाळा होता. त्या खूप हसल्या. अजून हसतात, नवीन कोणी भेटलं की ती गोष्ट रंगवून सांगतात, आणि मी सोबत हसते. बूट धुऊन परत केले.

ईरा आता इथल्याच युनिव्हर्सिटीत जाते. जुलैत सुट्टी लागली की बाबाकडे जाते, हिवाळा चुकवायला. सगळी तरुण मुलं कुठे ना कुठे जातात. काल ती बैठकीत बॅग भरत होती. टॉग्ज, जँडल्स, उन्हाची टोपी, तीन-चार पातळ फ्रॉक. मी हीट पंपासमोर बसून कपडे घड्या करून देत होते. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, "एक जाकीट टाक, वर गार असतं. आणि लाडू देऊ का करून बाबासाठी?"

"डॅड सेज नो लाडूज, इट्स टू हॉट देअर." मग जरा थांबून, माझ्याकडे मायेनं बघून म्हणाली, "यू कुड कम टू, मम. बट यू डोन्ट लाइक माउंटन्स, सो..."

टोमणा नव्हता. घरातल्या एखाद्याला वांगं आवडत नाही हे आपण जसं लक्षात ठेवतो, तसं तिनं ते माझ्यासाठी लक्षात ठेवलं होतं. कॅफेतल्या त्या टेबलावर ती होती. सगळं ऐकलं होतं तिनं, सगळं कळलं होतं. तरीही दर जुलैत तिकडे जाता जाता, तिकडच्या माणसांत ऐकून ऐकून, तेच खरं होऊन बसलं होतं.

"मला डोंगर आवडतात," मी म्हटलं.

ती हसली. "सिन्स व्हेन?"

रतनगडाची शिडी ओठांपर्यंत आली. पण बॅगेचं झाकण बसत नव्हतं आणि ती एकटीच झटापट करत होती. मी उठले, झाकणावर गुडघा टेकवून दाबून धरलं. तिनं चेन ओढली.